बोनेटखालचे ठिसूळ कपलर: वायर न कापता दुरुस्ती

कुंभार्ली घाट चढताना माझ्या २००२ सालच्या पेट्रोल हॅचबॅकने काळा धूर सोडायला सुरुवात केली. इंजिन मिसिंग करत होतं, पेट्रोलचा वास आत येत होता आणि रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. त्याआधीच्या चार महिन्यांत कूलंट टेंपरेचर सेंसर दोनदा आणि थर्मोस्टॅट एकदा बदलून झाला होता. गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं आणि सेंसरच्या कपलरला, म्हणजे वायरी सेंसरला जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडणीला, बोट लावलं, तर तो अलगद सुटून हातात आला. त्याचं लॉक कधीचंच मोडलं होतं. कुणीतरी त्यावर काळ्या टेपचे दोन वेढे दिले होते, टेपचा गोंद उष्णतेने पाघळला होता आणि कपलर सेंसरवर नुसता टेकून बसला होता.

हा सेंसर थंड असताना जास्त रोध दाखवतो आणि तापला की कमी. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. संपर्क सुटला की रोध अमर्याद होतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं, कूलंट उणे ४० अंश थंड आहे. म्हणून तो पेट्रोल ओततो आणि सावधगिरी म्हणून पंखाही चालूच ठेवतो. सेंसर दोन्ही वेळा चांगला होता. कपलर मेला होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी कपलर, मग वायर, मग पिन आणि शेवटी सेंसर. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कपलर तुटला म्हणून वायर कापू नका. म्हातारं झालेलं असतं ते प्लॅस्टिक. आतली पितळी पिन आणि कंपनीने क्रिंप केलेली, म्हणजे पिनेत दाबून पक्की केलेली, वायर बहुतेक वेळा ठणठणीत असते. जुन्या पिना नव्या बॉडीत, म्हणजे कपलरच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, घालता आल्या, तर जोड न देता दुरुस्ती होते, आणि ती पुढची दहा वर्षं टिकू शकते.

प्लॅस्टिक ठिसूळ का होतं

बोनेटखालचे बरेचसे कपलर नायलॉनचे किंवा पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि त्या ओलाव्यामुळेच त्याला लवचिकपणा असतो. इंजिनच्या उष्णतेने तो ओलावा उडतो. हे झालं तात्पुरतं. वर्षानुवर्षं तापून प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, ते नुकसान मात्र कायमचं. कुठलाही स्प्रे किंवा तेल त्याला पुन्हा तरुण करत नाही. त्यामुळे सर्वांत आधी मोडतात ते सर्वांत तापणाऱ्या जागेचे कपलर: थर्मोस्टॅटजवळचा कूलंट सेंसर, इंजेक्टर, इग्निशन कॉइल, एक्झॉस्टजवळचा ऑक्सिजन सेंसर आणि अल्टरनेटर.

आपल्याकडे १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे नियम देशभर लागू झाले, कार्बोरेटर मागे पडत गेला आणि एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, गाड्या सर्रास झाल्या. झेन, एस्टीम, सँट्रो, पालिओ, सिटी अशा त्या काळातल्या ज्या गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्यांचं प्लॅस्टिक आता वीस वर्षांच्या पुढे गेलं आहे. गाडी कुणाचीही असो, या वयात हे होणारच.

आधी दोषी कोण ते शोधा

इंजिन सुरू करून गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून ठेवा. बाह्या वर करा, ओढणी, टाय, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पंखा आणि पट्टे यांच्यापासून हात लांब, प्लगच्या जाड केबलींनाही हात नाही. आता एकेक कपलर दोन बोटांनी धरून हलकेच हलवा. ज्याला हलवल्यावर इंजिनचा आवाज बदलतो, आरपीएम गडगडतो किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो, त्याच्यावर खडूची खूण करा. कपलरपासून वीत-दीड वीत वायरही हलवून बघा. कधी कधी वायर इन्सुलेशनच्या आतच तुटलेली असते.

स्कॅनर असेल तर कोड वाचा. पी०११८ म्हणजे कूलंट सेंसरचं सर्किट उघडं, पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे इंजेक्टरांची सर्किटं, पी०३३५ म्हणजे क्रँक सेंसर, इंजिनचं फिरणं मोजणारा. हे कोड ‘सर्किट’बद्दल बोलतात. सर्किटमध्ये सेंसरही आला, वायरही आली आणि कपलरही. ‘कोड आला, सेंसर टाका’ यात निम्मे पैसे वाया जातात. फार जुन्या गाडीला साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडता येत नाही, तिथे मल्टीमीटरवरच भिस्त ठेवायची.

मल्टीमीटरने दोन गोष्टी बघा. इग्निशन चालू करून थ्रॉटल किंवा मॅप (इंजिनच्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सेंसरच्या कपलरवर ५ व्होल्टचा पुरवठा येतो का? आणि इंजिन चालू असताना सेंसरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती व्होल्ट दिसतात? ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. मोजताना मीटरची जाड सुई कपलरच्या पुढच्या भोकात खुपसू नका, मादी पिन फाकते आणि नसलेला दोष तुम्हीच तयार करता. मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजा. जुना बारा व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्टर ईसीयूच्या वायरींना लावायचाच नाही. त्या बल्बला लागणारा करंट ईसीयूचं आउटपुट जाळू शकतो.

काय सामान लागेल

डिजिटल मल्टीमीटर, पिन काढायच्या सुयांचा संच, बारीक चिमटा, नखासारखा छोटा सपाट स्क्रू ड्रायव्हर, कटर, हेअर ड्रायर, कॉन्टॅक्ट क्लीनर, सिलिकॉन डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) आणि वायरिंगची कापडी टेप. एकाच वस्तूवर पैसे खर्च करायचे तर उघड्या पिनांचा क्रिंपर घ्या, ज्याचे जबडे पिनेचे कान (वायर धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) आत वळवून वायरीवर इंग्रजी ‘बी’च्या आकारात बसवतात. निळ्या-लाल इन्सुलेटेड थिंबलांचा क्रिंपर इथे चालत नाही आणि पक्कडीने चेपलेली पिन तर नाहीच नाही.

काळी पीव्हीसी टेप घरच्या वायरिंगला ठीक आहे. बोनेटखाली तिचा गोंद पाघळतो, धूळ धरतो आणि पुढच्या माणसाला शिव्या घालायला लावतो.

कपलर उघडताना

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. रेडिओला कोड असेल तर आधी लिहून ठेवा. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, या लेखातलं काहीही त्यांच्यावर करू नका.

ब्रशने किंवा हवेने कपलरभोवतीची माती झाडा. लॉकच्या फटीत बसलेली रेव हेच लॉक मोडण्याचं मोठं कारण. मग कपलर कोमट करा. गार प्लॅस्टिक जास्त ठिसूळ असतं, म्हणून थंडीतल्या सकाळी हे काम काढू नये. हेअर ड्रायर दोन मिनिटं फिरवला की पुरतं. हीट गन लावायची घाई नको.

आता युक्ती. आपण लॉक दाबतो आणि ओढतो, पण ओढीमुळे लॉक खाचेत आणखी घट्ट अडकतं आणि सगळा ताण त्या बारीक जिभेवर येतो. उलट करा. कपलर आधी आत, सेंसरकडे दाबा. लॉकवरचा ताण गेला की मगच जीभ दाबा आणि बॉडी धरून सरळ मागे घ्या. वायरी धरून कधीच नाही. काही कपलरांची जीभ दाबायची नसते, उचलायची असते, तेव्हा जोर लावण्याआधी टॉर्चने नीट बघा. लाल किंवा करड्या रंगाची सरकती पट्टी असेल तर ती आधी मागे घ्या. जुन्या बॉश पद्धतीच्या इंजेक्टर कपलरांना बाहेरून तारेची स्प्रिंग असते. ती स्क्रू ड्रायव्हरने सरकवताना दुसरा हात वर आडवा धरा, नाहीतर उडालेली तार इंजिनच्या पोटात जाते.

एवढं करूनही लॉक मोडलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते मोडणारच होतं. बॉडी आणि पिना शाबूत असतील तर कपलर पूर्ण आत बसवून भोवती नायलॉनचा झिपटाय घाला आणि नवी बॉडी मिळेपर्यंत गाडी चालवा. फेव्हिक्विक प्रकारचा गोंद मात्र लावू नका. त्याची वाफ पिनांवर पांढरा थर धरते, तो गोंद उष्णतेत स्वतःच तडकतो आणि पुढच्या वेळी कपलर उघडायचा म्हटलं की सेंसरच मोडावा लागतो.

नवी बॉडी मिळवणं

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, आणि इतर शहरांत ऑटो इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानांत जाताना तुटका कपलर सोबत न्या, किमान त्याचे समोरून आणि मागून फोटो. ‘अमुक गाडीचा इंजेक्टर कपलर’ एवढं सांगून भागत नाही. पिना किती, दोन ओळींत की एका, बाहेरच्या खाचा कुठे, पिनेच्या पात्याची रुंदी किती, हे सगळं जुळलं पाहिजे. व्हर्नियरने मोजा: १.५, २.२, २.८ मिलिमीटर अशी मापं नेहमी सापडतात. एकच कपलर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत वापरलेला असतो, तेव्हा तुमच्या गाडीच्या नावाने नाही मिळाला तरी मापाने मिळतो.

भंगारातला कपलर घेताना एवढंच बघा की तो तुमच्या गाडीइतक्याच वयाचा नसावा. वायरीसकट तयार मिळणारा ‘पिगटेल’ घेतला तर त्याची वायर ब्लेडने किंचित खरवडा. वरून तांबूस आणि आत चांदीसारखा रंग निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. पिनेला लोहचुंबक चिकटला तरी परत करा. माझा सल्ला मात्र हाच की मिळत असेल तर रिकामी बॉडी, रबरी सील आणि चार-सहा सुट्या पिना घ्या.

पिना एकेक करून हलवा

कामाचं मर्म इथे आहे, म्हणून घाई करू नका. आधी कागदावर कपलरचं समोरून चित्र काढा आणि प्रत्येक भोकासमोर वायरीचा रंग लिहा. काळी-पिवळी आणि पिवळी-काळी या दोन वेगळ्या वायरी असतात: पहिला रंग मुख्य, दुसरा रेघेचा. समोरून आणि मागून बघताना डावं-उजवं उलटतं, म्हणून कागदावर ‘समोरून’ असं लिहून ठेवा.

कपलरमध्ये पिना धरायला बहुधा दोन पहारेकरी असतात. एक वेगळ्या रंगाची पाचर, ती आधी बाहेर ओढायची. दुसरी प्रत्येक पिनेची स्वतःची अडकण. काही पिनांना पाठीवर पत्र्याची छोटी जीभ असते, काही बॉडीत ती जीभ प्लॅस्टिकची असते. दोन्हींत कृती तीच: वायर आधी किंचित पुढे ढकला, बारीक सुईने अडकण दाबा आणि वायर मागे घ्या. सहज येत नसेल तर सुई चुकीच्या जागी आहे. ओढत बसू नका.

आणि आता जे मला फार उशिरा उमगलं ते सांगतो. जुनी बॉडी टाकूनच द्यायची आहे, मग तिला वाचवत कशाला बसायचं? पिन निघत नसेल तर कटरने बॉडीच फोडा. कोपऱ्यापासून बारीक तुकडे घ्या, ठिसूळ प्लॅस्टिक पटापट निघतं आणि पिन जराही न वाकता मोकळी होते. माझ्या कूलंट कपलरच्या दोन पिना सुईने अर्धा तास हलल्या नव्हत्या. कटरने दोन मिनिटांत बाहेर आल्या, आणि वीस वर्षांनंतरही त्यांच्यावर कल्हईची चकाकी होती.

निघालेली पिन उजेडात धरून बघा. हलका काळसरपणा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने जातो. पॉलिश पेपर मारू नका, कथलाचा पातळ मुलामा गेला की पितळ लवकर खराब होतं. घरात तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, पण तो प्रयोग इथे करू नका. फटीत राहिलेलं आम्ल आणि मीठ पिनेला आतून खातं. कोकणातल्या गाड्यांत पिनेवर हिरवा थर आणि बारीक खड्डे दिसतात. अशी पिन बदलायचीच.

मग पकड तपासा. तेवढ्याच रुंदीची नर पिन आत घालून बघा, सरकताना ठळक अडथळा जाणवला पाहिजे. आपोआप घसरून पडत असेल तर पिन फाकली आहे. चिमट्याने किंचित दाबून वेळ मारून नेता येते, पण नवी लावणंच बरं.

चांगली पिन नव्या बॉडीत घालण्याआधी तिची पत्र्याची जीभ नखाने थोडी वर उचला, सुईने दाबल्यामुळे ती बसलेली असते. पिन मागून सरळ ढकला. ‘टक’ असा आवाज येतो. मग वायर हलकेच मागे ओढून खात्री करा. एक पिन बसली की दुसरी, सगळ्या एकदम मोकळ्या करू नका. शेवटी पाचर लावा. पाचर पूर्ण बसत नसेल तर एखादी पिन अर्धवट आत आहे असं समजा. जोराने दाबून ती बसवू नका.

पिन बदलावी लागली तर

वायर सुमारे पाच मिलिमीटर सोला, एकही तार कापली जाता कामा नये. मागच्या बाजूला वायरीगणिक रबरी सील असेल तर तो पिन लावायच्या आधी वायरीवर चढवा. हे विसरलं की सगळं पुन्हा करावं लागतं. पिनेला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर वळते, मागची इन्सुलेशनवर किंवा सीलवर. पुढच्या कानांच्या थोड्या पुढे तारांची टोकं मिलिमीटरभर दिसावीत आणि दोन्ही कानांच्या मधल्या फटीत तांबं आणि इन्सुलेशन दोन्ही दिसावेत. मग हाताने चांगलं ओढा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा नीट झालेला क्रिंप पाच किलोची ओढ सोसतो. घरी निसटलेला बरा, घाटात नको.

क्रिंपवर वरून डाग द्यायचा मोह होतो. सोल्डर तारांतून पुढे झिरपतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीने वायर नेमकी त्या कडेला तुटते. सोडून द्या.

वायर कापावीच लागली तर

आतलं तांबं काळं पडलेलं असेल किंवा उंदराने वायर कुरतडली असेल तर इलाज नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. तेवढ्याच जाडीची ऑटोमोटिव्ह वायर, शक्यतो त्याच रंगाची. जोड कपलरपासून किमान पाच सेंटिमीटर मागे आणि प्रत्येक वायरीचा जोड दुसरीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे, म्हणजे एकाच जागी गाठोडं होत नाही आणि शॉर्टही होत नाही. बिनआवरणाचा क्रिंप जोड, त्यावर गोंदवाली स्लीव्ह. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला म्हणजे पाणी आत जाणार नाही.

दोन वायरी वेगळ्या वागणुकीच्या. क्रँक सेंसरच्या वायरींना पीळ किंवा जाळीचं आवरण असेल तर ते जसंच्या तसं ठेवा, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते. ऑक्सिजन सेंसरच्या स्वतःच्या वायरींना सोल्डर, ग्रीस, क्लीनर काहीही नको. अनेक सेंसर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच घेतात. त्या खराब असतील तर सेंसर बदला.

बसवणी आणि शेवटची तपासणी

रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पुसट हात फिरवा. कपलर भरून टाकू नका. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस तर मुळीच नको. कपलर ‘टक’ होईपर्यंत दाबा. वायरिंग मूळच्या क्लिपांत परत बसवा, एक्झॉस्टपासून दूर ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून इंजिन ते गाडीची बॉडी या टप्प्यात वायरीला थोडी ढील द्या. वरून कापडी टेप.

बॅटरी जोडून इग्निशन चालू करा, कोड पुसा आणि इंजिन सुरू करून तीच हलवाहलवीची चाचणी पुन्हा घ्या. बॅटरी काढल्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं आयडलिंग थोडं वरखाली होऊ शकतं. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, वीसेक किलोमीटरची चक्कर मारा, परत आल्यावर बोनेट उघडून प्रत्येक नव्या कपलरला हात लावून बघा आणि कोड पुन्हा वाचा.

इंजेक्टरचे कपलर एक मोडला की बाकीचे तीनही त्याच वयाचे असतात, तेव्हा चारही बॉडी एकदम आणा. आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथे स्पष्ट सांगा: इंजिनवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्याने पुसलं तरी चालेल. मी तर हे जॉबकार्डवर लिहून घेतो आणि डॅशबोर्डच्या खणात दोन रिकामे कपलर, चार पिना आणि तो वायरींच्या रंगांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो.